लाईट कुणाच्या वेळेला येते

शेतीपंपाच्या पाहणीला निघताना आमच्या पिशवीत फिडरची, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवरच्या पंपांची, यादी असते, ग्राहक क्रमांक असतात आणि प्रश्नावली असते. यादीतलं नाव बहुतेक वेळा पुरुषाचं. कितीदा तर ते आजोबांचं असतं. आजोबा जाऊन वर्षं झालेली असतात, सातबाऱ्यावर वारस लागलेले असतात, पण वीजबिल अजून त्यांच्याच नावानं निघतं. मंजूर भार पाच एचपी, मीटर आहे किंवा नाही, थकबाकी इतकी. ते नाव शोधत मळ्यात पोचावं तर मालक घरी नसतात. शिरूर तालुक्यात असलो तर ते रांजणगावच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेले असतात. दौंडकडे असलो तर कुरकुंभला, कारखान्यावर, नाहीतर रेल्वेत. ओट्यावर घरची बाई भेटते. ती पाण्याचा तांब्या पुढे करते आणि म्हणते, "ते संध्याकाळी येतील, त्यांनाच विचारा. मला त्यातलं काय कळतंय?"

मी वीज आणि पाणी या दोन्हींच्या सांध्यावर संशोधन करते. पुण्यात बसून आकडे मांडायचे आणि ते जमिनीवर टिकतात का हे पाहायला शिवारात हिंडायचं, असं हे काम. "मला काय कळतंय" हे मी इतक्या ओट्यांवर ऐकलं आहे की मुलाखत तिथून सुरू होते असंच आता धरते. वही न मिटता चहा होईपर्यंत थांबलं आणि "मोटार चालू कोण करतं?" एवढंच विचारलं, की उत्तर येतं, "मीच की! ते कुठं असतात घरी?"

पंपाबद्दल कोणाला विचारायचं, यावर बरंच काही अवलंबून आहे. राज्यातल्या शेतीपंपांचा मोठा हिस्सा मीटरविना आहे. तिथे बिल एचपीवर लागतं. किती युनिट वापरले गेले हे कुणी मोजलेलं नसतं. फिडरवर सोडलेली वीज, गळतीचा अंदाज, मंजूर एचपी आणि पंप चालल्याचे तास यांच्यातून तो आकडा काढतात. आकडा फुगला की गळती त्याच्या आड लपते. 2000 सालच्या सुमारास वीज नियामक आयोगापुढे पहिल्या वीजदर सुनावण्या झाल्या. तेव्हा पुण्यातल्या 'प्रयास'च्या ऊर्जा गटासारख्या अभ्यासकांनी हा हिशेब तपासायला लावला आणि तेव्हाच्या वीज मंडळाची गळती आधी सांगितली जायची त्याच्या जवळजवळ दुप्पट निघाली. शेतकऱ्याच्या नावावर मांडलेली बरीचशी वीज शेतापर्यंत गेलेलीच नव्हती. आता एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना बळीराजा योजनेत वीज मोफत आहे. बिल शून्याचं आलं की घरात ते कुणी उघडूनही पाहत नाही, आणि सरकार मात्र अशाच आकड्यांवर अनुदान मोजतं. म्हणून पंप खरोखर किती तास चालतो हे माझ्या दृष्टीनं आज पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते सांगू शकतं ते स्टार्टरचं बटण दाबणारं माणूस.

मांडवगण फराट्याच्या अंगाला, भीमेच्या काठापासून थोडं आत, एका मळ्यातल्या स्वयंपाकघरात मला हे सगळ्यात स्पष्ट दिसलं. गॅसच्या कट्ट्याशेजारी भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं होतं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात सकाळ-संध्याकाळचं दूध लाल पेनानं लिहिलेलं. ते तर घरोघर असतं. पण चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आणखी काही होतं: "रा 12.20", त्याच्याखाली "गेली 3", मग "आली 4.10". काही तारखांना "दि 9". एका ठिकाणी सलग चौकोनांत नुसतंच "डीपी".

"हे काय लिहिलंय, मावशी?"

"लाईटचं. कधी आली, कधी गेली."

त्यांना ही नोंद दुधासाठी लागत होती. कडबाकुट्टी लाईटवर, गुरांच्या हौदाचं पाणी मोटारीवर. रात्रीची लाईट असली की कुट्टी रात्री उठून करून ठेवायची, नाहीतर सकाळी धारेच्या वेळी गायांपुढे टाकायला काही नसतं. लाईट गेली की दूध किती कमी होतं, हे त्यांना त्या चौकोनांवरून कळत होतं. "डीपी" म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळून नवा येईपर्यंतचे दिवस. त्या चौकोनांतलं दूध आधीच्या आठवड्यापेक्षा खरोखर उतरलेलं होतं. मावशींनी वेळापत्रक उतरवून घेतलेलं नव्हतं. लाईट प्रत्यक्ष आली त्या मिनिटाची नोंद होती ती. सुनेनं एकेक महिना वाचून दाखवला, मी लिहून घेतला. "हे कुठं लागायचंय तुम्हाला?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा उपकेंद्राच्या नोंदवहीशी ताडून बघणार आहे असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं. मागच्या वर्षीचं कालनिर्णय पेटीच्या तळाशी होतं, तेही काढून दिलं.

उपकेंद्राच्या नोंदवहीत आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि बाकीचे रात्री, रोजचे आठ तास बहुतांशी नीट भरलेले होते. ऑपरेटरनं खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यानं फिडर चालू ठेवला होता. फरक पडत होता तो उपकेंद्र आणि मळा यांच्यामध्ये. फिडर लांबलचक, मळा शेवटच्या टोकाला. जिथे 415 व्होल्ट हवेत तिथे स्टार्टरच्या पेटीवरचा काटा 330च्या आसपास घुटमळत होता. लाईट येताच शिवारातल्या सगळ्या मोटारी ऑटो स्विचवर एकदम सुरू होतात, दाब कोसळतो, डीपीचा फ्यूज उडतो. रात्री एकला तो टाकायला कोण जाणार? दाब कमी म्हणून मोटार जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापते, जळते. रिवाइंडिंगचा खर्च, तोवर वाळलेला ऊस, हे कुठल्याच वीजबिलात येत नाही. ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा हा उपाय सगळ्यांना माहीत आहे. पण एकट्यानं ऑटो काढला तर त्याचंच पाणी मागे राहतं, म्हणून डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं, आणि ते क्वचित होतं. वहीतल्या आठ तासांचं त्या मळ्यात चार-पाच तास पाणी होत होतं. दर मिनिटाला व्होल्टेज टिपणारी यंत्रं 'प्रयास'नं ठिकठिकाणी घरांत बसवून दाखवलेली आहेत, आणि त्या नोंदी अमोल आहेत. मावशींच्या चौकोनात मात्र लाईटच्या वेळांशेजारी दूधही होतं. तेव्हापासून "घरात लाईटची काही नोंद ठेवता का?" हा प्रश्न आमच्या प्रश्नावलीत पहिल्या पानावर आहे. डेअरीच्या पासबुकाच्या मागे, पोरांच्या वहीत, मोबाइलवरच्या वायरमनच्या ग्रुपमध्ये, कुठे ना कुठे ती सापडते. ती दाखवते बहुधा घरची बाईच.

या भागात राहणं वस्त्यांचं आहे, हेही पुण्यातल्या आकड्यांत नीट उतरत नाही. गावठाणाचे फिडर शेतीपासून वेगळे केले, त्याचा गावातल्या घरांना मोठा फायदा झाला, दिवे दिवसभर राहू लागले. पण निम्मं गाव मळ्यात राहतं. वस्तीवरचं घर शेतीच्या फिडरवरच राहिलं. थ्री फेज नसेल तेव्हा तिथे सिंगल फेज मिळते, तीही एखाद्यानं तिच्यावर चोरून मोटार लावली की मान टाकते. "ग्रामीण घरांना चोवीस तास वीज" या ओळीत वस्तीवरची सून मोजली जाते का? तिचा मिक्सर, मोबाइल, पोरांचा अभ्यास शेतीच्या वेळापत्रकावर चालतो. आणखी एक गाठ आहे. नळयोजनेची विहीर पुष्कळदा शिवारात असते आणि तिचा पंपही शेतीच्या फिडरवर. मग रात्रीच्या पाळीला टाकी पहाटे भरते, व्हॉल्व्ह सोडणारा पाच वाजता पाणी सोडतो आणि बायका अंधारात हंडे लावतात. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी ठरवलेलं आहे. लिटर मोजले जातात. पाणी कुठल्या प्रहराला आलं, हे विचारायला त्या तक्त्यात जागा नाही. वीज आणि पाणी यांची कार्यालयं वेगळी, अहवाल वेगळे, पण पहाटे पाचला ती दोन्ही एकाच बाईच्या डोक्यावर येतात.

दौंडला गेलं की विषय कालव्याकडे वळतो. खडकवासल्याचं आवर्तन सुटलं की यवतपासून पुढे सगळी चर्चा तीच: पुणे शहरानं किती उचललं, आपल्याला किती दिवस, शेवटच्या चारीला पोचेल का. शहराचं सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात सोडतात, तेही याच बाजूला येतं, आणि त्याच्या शुद्धतेबद्दल लोकांना फारशी खात्री नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते तिथल्या गावांत नदी बारा महिने वाहते, जलपर्णीनं हिरवी दिसते, पण पिण्याचं पाणी फिल्टरच्या प्लँटवरून जारनं विकत येतं. नदीकाठच्या बायका मला हातापायांची खाज दाखवतात. हा मुद्दा पुरुषांच्या बैठकीत मला अजून एकदाही ऐकायला मिळालेला नाही. तिथे ऊस, आवर्तन आणि बंधाऱ्याचे ढापे यांवर बोलणं होतं. तेही खरेच प्रश्न आहेत. फक्त तेवढेच नोंदले गेले तर पाण्याचं संशोधन अर्धं होतं.

शिवाय पाण्यावरचा हक्क जमिनीतून येतो. 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानं पाणीवापर संस्था आणल्या, पण सभासद व्हायचं तर लाभक्षेत्रात जमीन तुमच्या नावावर हवी. बायकोचं नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणून ती सभेला नाही, म्हणून आवर्तनाच्या तारखा ठरताना तिचं काही चालत नाही. दौंडच्या शेजारी, पुरंदरमधल्या नायगावात, 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली तेव्हा वेगळा विचार मांडला होता: पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात, माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, भूमिहीनांनाही, आणि उसाला नाही. कल्पनाताई साळुंखे यांनी ते काम पुढे नेलं. पुण्यातल्या 'सोपेकॉम'मध्ये सीमा कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमीन, पाणी आणि स्त्रियांचा हक्क हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला आहे. आमच्या पिढीच्या मुलींना या क्षेत्रात यावंसं वाटलं त्याला अशा कामांचा आधार होता. मला तरी होता.

या क्षेत्रात बाई म्हणून काम करणं कसं असतं, असं नव्यानं येणाऱ्या मुली विचारतात. मी त्यांना सोयींपासून सांगते. उपकेंद्र गावाबाहेर असतं. तिथे स्वच्छतागृह असेलच असं नाही, असलं तर कुलूप असतं आणि किल्ली दुसऱ्या पाळीच्या माणसाकडे. म्हणून कित्येक जणी सकाळपासून पाणी पीत नाहीत. मुली आजारी पडतात त्यानं. पाहणीचा दिवस आखतानाच शाळा, आरोग्य केंद्र किंवा ओळखीचं घर वाटेत धरावं, हा नियम आम्ही करून घेतला आहे, आणि त्याचा वेळ प्रकल्पाच्या आराखड्यात उघडपणे लिहितो. नगर रस्त्यावर वाघोली आणि शिक्रापूरला अडकलेली एसटी, दौंडची गच्च भरलेली गाडी, संध्याकाळी परतीची शेवटची सोय किती वाजता, हे सगळं नमुना निवडीच्या गणिताइतकंच कामाचं आहे. कारण परतीची सोय नाही म्हणून टोकाची वस्ती वगळली तर फिडरचं टोकच पाहणीतून गळतं, आणि दाब तिथेच कमी असतो.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. एका मोठ्या अभ्यासात तांत्रिक भाग पुरुष सहकाऱ्यांकडे आणि 'महिलांविषयीचं प्रकरण' माझ्याकडे, अशी वाटणी सहज होऊन गेली होती. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. मी फिडरच्या लोडचं विश्लेषण मागून घेतलं आणि ते प्रकरण वेगळं न ठेवता प्रत्येक तक्त्यात विभागून घ्यावं असा आग्रह धरला. डीपीचा भार आणि कडबाकुट्टीची वेळ एकाच तक्त्यात आली की दोन्ही समजतात. भूजलाच्या अभ्यासात हीच गोष्ट विहिरीत उतरणाऱ्या मुलींनी करून दाखवली आहे. 'अक्वाडॅम'सारख्या संस्थांत त्या बेसाल्टचे थर वाचतात, पाण्याची पातळी मोजतात आणि त्याच फेरीत उन्हाळ्यात घरचं पाणी कुठून येतं हेही विचारून येतात. केंदूर-पाबळच्या बाजूला, जिथे कालवा पोचत नाही आणि सगळी भिस्त विहिरीवर असते, तिथे ही दोन उत्तरं वेगळी काढताच येत नाहीत.

आणि रात्रीची लाईट. शिरूरच्या उत्तरेकडे उसाचे पट्टे आहेत आणि उसात बिबट्या आहे. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूतच्या परिसरात लहान मुलांसह माणसांचे जीव गेले, लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्या मागण्यांत शेतीला दिवसा थ्री फेज हीसुद्धा होती. ज्यानं रात्री दोनला बॅटरी घेऊन उसात दारं धरलेली आहेत त्याला या मागणीचं कारण समजावून सांगावं लागत नाही. घरात जागी राहून त्याची वाट बघणारीलाही नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली. तिचा सुरुवातीचा प्रकल्प शिरूरपासून जवळच, राळेगणसिद्धीला झाला. गावाजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्यावर अख्खा शेती फिडर दिवसा चालवायचा, ही तिची कल्पना. मला ती मनापासून पटते. वीज जवळ तयार होते, गळती घटते, माणूस रात्री झोपतो, बिबट्याची वेळ टळते.

पण जिथे दिवसाची लाईट मिळू लागली त्या वस्त्यांवर पुन्हा ओट्यावर बसले, तेव्हा कामाची अदलाबदल झालेली दिसली. रात्री दारं धरायला पुरुष जायचे. आता लाईट सकाळी आठला येते, तेव्हा नवरा आणि मुलगा कंपनीच्या बसमध्ये असतात. "दिवसा लाईट आली ते लई चांगलं झालं," एक जण म्हणाली. "पण आता पाणी बी मीच भरते. खुरपायला मीच, धारा मीच. आठला मोटार चालू करायची तर भाकरी कधी थापायच्या?" तिची मागणी रात्रीची लाईट परत द्या अशी मुळीच नव्हती. तास तेवढेच ठेवा, फक्त थोडे पुढे सरकवा, असं तिचं म्हणणं होतं.

हे तपासून बघता येण्यासारखं आहे, म्हणून मला ते फार मोलाचं वाटलं. सौर प्रकल्पाचं उत्पादन दुपारच्या आगेमागे सगळ्यात जास्त असतं. सकाळी आठ ते दहा आणि दुपारी चार ते सहा, दोन्हीकडे ते उतरतं आणि उरलेली वीज ग्रिडवरून घ्यावीच लागते. म्हणजे आठ ते चारऐवजी दहा ते सहा केलं तर सूर्याच्या बाजूनं फार काही बिघडत नाही. संध्याकाळी सहाच्या पुढे मात्र नेता येणार नाही, कारण तेव्हा शहराची मागणी चढते, आणि हिवाळ्यात अंधारही लवकर पडतो, बिबट्याचा धोका तिथून सुरू होतो. मग हिवाळ्यात नऊ ते पाच आणि उन्हाळ्यात दहा ते सहा, असं काही जमेल का? शिरूरच्या काही वस्त्यांवर आम्ही बायकांच्या बैठका घेऊन हे पर्याय मांडले. घरी दुभती जनावरं आहेत त्यांनी दहा सांगितले. ज्या दुसऱ्याच्या रानात रोजावर जातात त्यांना मात्र आठच हवे होते, कारण कामावर जायच्या आधी स्वतःच्या दोन सऱ्या भिजवून होतात. या दोघींची गरज एका वेळापत्रकात बसत नाही. डीपीवार पाळ्या लावल्या तर बसू शकते, आणि ते ठरवायच्या सभेला या दोघींनाही बोलवावं लागेल.

पुण्यात कौन्सिल हॉलमध्ये वीजदराच्या जनसुनावण्या होतात. उद्योजक येतात, यंत्रमागवाले येतात, ग्राहक संघटना येतात, शेतकरी नेतेही येतात. पुढच्या सुनावणीला लेखी म्हणणं देताना सौर फिडरच्या मूल्यमापनात युनिट आणि गळती यांच्याबरोबर 'पंप कुणी चालवला आणि त्या वेळी तिचं दुसरं कोणतं काम होतं' हा रकाना घालावा, असं आम्ही मागणार आहोत. सोबत वस्त्यांवरच्या नोंदी जोडू, मावशींनी परवानगी दिलेली त्यांची दोन्ही कालनिर्णयं धरून. दौंडकडच्या गावांत, जिथे कालव्याचं आवर्तन आणि लाईटची पाळी एकाच वेळी सांभाळावी लागते, तिथल्या बैठका ऊसतोडीचा हंगाम ओसरला की घ्यायच्या आहेत. त्या बैठका दुपारी दोनला ठेवाव्यात, धारांच्या आधी मोकळं होता येतं, असं तिथल्या बायकांनी आत्ताच कळवलं आहे.